फुटका आवाज

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास आंबागडचे कृष्णराव आणि त्यांच्या पत्नी बेबीबाई दुकानात आले, मीच विकलेला पाण्याचा पितळी गुंड त्यांनी माझ्या गादीसमोर ठेवला आणि मला पहिल्यांदा हसूच आलं. आमच्या दुकानातून गेलेलं भांडं परत येत नाही. ही फुशारकी नाही, भंडाऱ्यात कुणालाही विचारा. पोरीच्या आंदणाची भांडी घ्यायला लोक तुमसर, साकोली, लाखांदूरहून माझ्याकडे येतात ते भाव कमी म्हणून नव्हे. आम्ही भांडं वाजवून देतो म्हणून येतात. बोटाच्या पेरानं काठाखाली एक टिचकी. धड भांडं लांब गातं आणि ज्याला तडा आहे ते खर्र करून खाली बसतं. माझे वडील पुंडलिकराव हयातभर असंच वाजवत आले. त्यांनी मान हलवली की गिऱ्हाईक दुसरं काही बघत नसे. ते गेल्याला नऊ वर्षं झाली, आता मान माझी हलते. कृष्णरावांच्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर झालं, तेव्हा एकवीस भांडी मी त्यांच्यासमोर एकेक करून वाजवली होती. म्हणून मी हसत म्हणालो, "काय झालं, कृष्णराव? जावयाले आवडला नाही का?"

"झिरपते, भाऊ," कृष्णराव म्हणाले. "रातभर भरून ठेवला तं सकाळी बूड वल्लं."

"पोरीच्या सासूनं वापस धाडला," बेबीबाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे न पाहता गुंडाकडे बघत होत्या. "म्हन्ते, मायबापानं फुटका भांडा देल्ला."

"पन मी वाजवून देल्ला होता."

"देल्ला होता ना. मले तवाच वाटलं होतं का हा जरा खरखरते. मंग तुमी मान हालवली. म्हटलं, शेठचा कान खोटा नसन, आपलाच खोटा असन." एवढं बोलून त्यांनी पदराखालून हात काढला आणि गुंडावर टिचकी मारली. "आयका."

मी ऐकलं. गुंड गायला, लांब, गोल, नेहमीसारखा. मी कृष्णरावांकडे पाहिलं तर ते खाली बघत होते, एखाद्याच्या घरचं भांडण कानावर पडलं की माणूस बघतो तसे. "म्हन्ते ना खर्र?" बेबीबाईंनी विचारलं. मी "हो" म्हणालो. गादीवर बसून भांड्याबद्दल बोललेलं हे माझं पहिलं खोटं. मग मी मोठेपणानं म्हणालो की आता तुम्हीच वाजवून घ्या, आणि बेबीबाईंनी खरंच चार गुंड वाजवले, तीन बाजूला सारले, चौथा उचलला. त्या तिघांत काय वाईट होतं ते मला कळलं नाही. चहा पाजून मी दोघांना वाटेला लावलं आणि परत आलेला गुंड टेबलाखाली पायाशी ठेवून दिला.

दुपारपर्यंत मी तो वीसेक वेळा वाजवला असेल. पेरानं वाजवला, नखानं वाजवला, बाबा कधी कधी चांदीच्या अंगठीनं वाजवत तसाही वाजवला. पाणी भरून पाहिलं तेव्हा मानेखाली, जिथं जोड असतो तिथं, केसाएवढ्या रेषेवर पाण्याचे चार मणी जमले. म्हणजे तडा होता. पण आवाज धडच येत होता. मी घाबरणारा माणूस नाही, कारण शोधणारा आहे, आणि कारण लगेच सापडलंही: तडा नंतर गेला. आंबागडच्या रस्त्यानं गाडीत आपटला असेल, विहीणबाईंच्या घरी कुणी पाडला असेल. नवा तडा पातळ असतो, एवढ्यात वाजत नाही. बेबीबाईंना आता सगळंच फुटकं ऐकू येणार, पोरीला टोमणे बसले आहेत. हे मी स्वतःला इतकं बरोबर समजावून सांगितलं की जेवताना मला दोन पोळ्या जास्त गेल्या. शिवाय त्या आठवड्यात मला भांड्यांचा विचार करायला सवडही नव्हती. दुकानामागच्या गोदामात माझी वाट पाहत दोन पेडलं पडली होती, एक हिरवं आणि एक पिवळं, आणि त्यांतलं एक रविवारपर्यंत निवडायचं होतं.

मी गिटार वाजवतो हे गावात बहुतेकांना ठाऊक आहे. जुनी इंग्रजी रॉक गाणी वाजवतो हे थोड्यांना ठाऊक आहे आणि त्यांतल्या निम्म्यांना ते कळत नाही. आम्ही तिघं आहोत. सुगत बँकेत आहे, तो बेस वाजवतो. विनोद एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहे, तो ड्रम वाजवतो. कॉलेजात चौथा एक होता, ऑर्गनवाला, गोंदियाचा. गोंदिया वेगळा झाला त्या वर्षापासून तो "आता आपला जिल्हाच वेगळा झाला ना बे" म्हणून येईनासा झाला, जणू मध्ये पासपोर्ट लागतो. दर रविवारी दुपारी दुकान बंद असतं तेव्हा आम्ही गोदामात, उतरंडी आणि गंगाळं भिंतीला लावून, तीन तास वाजवतो. भांडीही सोबत वाजतात. विनोदनं मोठा ढोल मारला की वरच्या फळीवरच्या पराती बोलायला लागतात. रुखमिणी, माझी बायको, म्हणते की तुमच्या तिघांपेक्षा पराती तालात आहेत.

पेडल म्हणजे पायानं दाबायची लोखंडी डबी, हातात मावेल एवढी. गिटारची वायर तिच्यात शिरते आणि तिच्यातून निघून अँप्लिफायरला जाते. दाबली की गिटारचा आवाज आत फुगतो, मावत नाही, काठावरून सांडतो, आणि त्या सांडण्यात एक खरखर येते. त्या खरखरीला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. जुन्या गाण्यांतली गिटार जी एकाच वेळी गाते आणि फाटते, ती या सांडण्यामुळे. पूर्वीचे लोक त्यासाठी अँप इतका मोठा लावत की भिंती हलत. आता डबी मिळते. पण डबी डबीत फरक आहे. हिरवी मधला आवाज पुढे ढकलते, खालचा थोडा कापते, त्यामुळे गिटार गर्दीतून वाट काढते. पिवळी काहीच कापत नाही, आहे तसा आवाज उचलून त्याला फक्त धार लावते; चुकीची लावली तर कानात सुई. इंटरनेटवर या दोघींवरून लोक एकमेकांचे गळे धरायला निघालेत. मी सगळे व्हिडिओ पाहिले. व्हिडिओ बनवणाऱ्यांतल्या निम्म्यांना वाजवता येत नाही आणि उरलेल्यांना ऐकता येत नाही. सुगतनं नागपूरच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून दोन्ही आठ दिवसांच्या बोलीवर आणली, एक ठेवायची, एक परत, आणि माझ्या हातात देताना म्हणाला, "निवड तुहीच, धन्या. कान तुहा आहे." मला त्यात नवल वाटलं नाही. खरंच आहे ते, असं वाटलं.

या खरखरीशी माझं नातं लहानपणापासूनचं आहे आणि ते चोरटं आहे. लोक नवं भांडं घेताना जुनं फुटकं घालतात, त्याला मोड म्हणतात. मोडीचा ढीग गोदामाच्या कोपऱ्यात असे, तिथून ती वितळायला जाई. बाबांनी मला सहाव्या वर्षी मांडीवर बसवून कान शिकवला. धड, फुटकं, धड, धड, फुटकं. चुकलो की ते मारत नसत, नुसतं ते भांडं पुन्हा माझ्यापुढे सरकवत, आणि ते मारापेक्षा वाईट होतं. नवव्या वर्षी मी चुकेनासा झालो. गिऱ्हाइकांसमोर ते मला भांडं देत, मी वाजवून सांगे, लोक कौतुकानं हसत, आणि बाबांच्या चेहऱ्यावर जे येई ते पुन्हा पाहण्यासाठी मी काहीही केलं असतं. पण दुपारी ते झोपले की मी मोडीच्या ढिगाशी जाऊन बसे आणि फुटकी भांडी वाजवत राही. धड भांडी सगळी एकसारखी गातात. फुटकं प्रत्येक वेगळं. एखाद्या परातीचा तडा घोगरा, एखाद्या तांब्याचा रडका, एका मोठ्या गंगाळाचा तर असा होता की टिचकी मारल्यावर आवाज आधी गोल उठायचा आणि मग मधेच अंगावर काटा आणत फाटायचा. ते गंगाळ वितळायला गेलं त्या दिवशी मी जेवलो नाही. का, ते कुणाला सांगता आलं नाही, कारण आमच्या घरात फुटक्या आवाजावर प्रेम करणं ही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती.

अकरावीत सुगतनं एक कॅसेट आणली. त्याच्या मामाच्या पोरानं नागपुरात कुणाकडून तरी उतरवून घेतलेली, वर नाव नाही, काही नाही. त्यांच्या घरी, समोरच्या खोलीत, विमलाबाई म्हणजे सुगतची आई तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि आम्ही टेप लावला. तिसऱ्या गाण्यात गाणारा थांबला आणि गिटार सुरू झाली, आणि मला समजलं की कुणीतरी परक्या देशात बसून ते गंगाळ पुन्हा वाजवतंय, मुद्दाम, लाज न बाळगता, आणि लोक त्याला पैसे देतायत. मी ते गाणं अकरा वेळा लावलं. विमलाबाई शेवटी म्हणाल्या, "बाबू, टेप खराब झाला का काय तुमचा?" कॅसेट घरी नेली तेव्हा बाबांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "हा भांडा फुटका आहे." बरोबरच बोलले ते. मी मात्र त्या दिवसापासून दोन कानांचा झालो. सकाळी दुकानात फुटकं शोधून बाहेर काढायचं आणि संध्याकाळी तेच शोधून आत आणायचं. मला दोन्ही जमत होतं. बाबांना पहिलंच माहीत होतं आणि ते पुरेसं आहे असं त्यांना वाटे.

त्र्याण्णवच्या गॅदरिंगला आमच्याकडे पेडल नव्हतं, ते कशाला म्हणतात हेही माहीत नव्हतं. विनोदनं डोकं चालवलं आणि गिटारची वायर टेपरेकॉर्डरच्या माइकच्या भोकात खुपसली, रेकॉर्डिंगचं बटण दाबून ठेवलं आणि तिथून हॉलच्या अँपला जोडलं. गाणं अर्ध्यात आलं, मी पुढे सरकलो, पहिला सूर ओढला आणि तो आला. तोच. गोल उठून फाटणारा. वीस सेकंद असेल. मग टेपरेकॉर्डरमधून धूर निघाला, आवाज गेला आणि आठशे पोरं हसली. हसली त्याचं मला काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण ते गाणं तिथंच राहिलंय. पंचवीस वर्षांत मी दुकान दुप्पट केलं, बहिणींची लग्नं केली, मुलगी गुंजन पुण्याला शिकायला घातली, आणि तरी गोदामात जाऊन दर रविवारी तोच सूर ओढून बघतो. येत्या जानेवारीत कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, त्याच हॉलमध्ये, आणि आम्हाला तेच गाणं वाजवायचं आहे. आता समजेल की हिरवं आणि पिवळं माझ्यासाठी काय होतं. आयुष्यात ऐकून ऐकून जे कमावलं, ते शेवटी या एका निवडीत दिसणार होतं.

शुक्रवारी दुपारी नोकराला गादीवर बसवून मी एकटाच गोदामात गेलो. आधी हिरवं जोडलं. खरखर वाढवणारा ड्राइव्ह अर्ध्यावर, धार वाढवणारा टोन मधोमध. आवाज आला तो मऊ, गोधडीतून आल्यासारखा. पिवळं जोडलं, तेही तसंच, थोडं मोकळं इतकंच. दोन्ही बोथट. नागपूरच्या दुकानदारानं सुगतला माल चिकटवला असं माझ्या मनात आलं. मी टोनचा नॉब वाढवत गेलो, हिरव्याचा अगदी शेवटपर्यंत नेला तरी काही होईना; पिवळ्याचा शेवटपर्यंत नेला तेव्हा कुठे काठावर थोडी धार जाणवली, ओळखीची, दूरची. मी स्वतःशीच म्हटलं, हेच. पिवळं. निवड झाली, रविवारी सांगून टाकायचं. समाधानानं मी अँप बंद करायला वाकलो आणि माझं लक्ष ट्रेबलच्या, म्हणजे वरचा बारीक, टोचरा आवाज कमीजास्त करणाऱ्या नॉबकडे गेलं. तो दोनवर होता. मी तो सहावर ठेवतो. आधी वर्षानुवर्षं तीनवर असे, गेल्या दीडेक वर्षात सरकत सरकत सहावर आला.

धूळ पुसताना फिरला असेल म्हणून मी हात पुढे केला आणि थांबलो. त्या नॉबवर एक पांढरी रेघ आहे, ती मी कंपनीचीच समजत होतो. आता नॉब दोनवर असताना ती रेघ पुढे पॅनेलवर गेलेली दिसत होती. नॉबवर अर्धी, पॅनेलवर अर्धी, दोन्ही मिळून एक सरळ. अशी रेघ मी हजार वेळा पाहिली आहे. विनोद डेपोत बसच्या चाकाचा नट आवळला की त्याच्यावर पांढऱ्या रंगाचा एक बारीक फटकारा मारतो, अर्धा नटावर, अर्धा चाकावर, म्हणजे नट जागचा हलला तर लांबूनच कळतं. त्याच्या खिशात तो रंगाचा पेन कायम असतो. मी नॉब सहावर नेला आणि वाजवलं. दोनवर आणला आणि वाजवलं. पुन्हा सहा. पुन्हा दोन. मला फरक ऐकू आला नाही. मग मी गिटार भिंतीला टेकवली आणि मोडीच्या कोपऱ्यात, जिथं आता सिमेंटच्या गोण्या असतात, जरा वेळ बसलो. बुधवारचा गुंड आणि हा नॉब, दोन्हींतला वरचा बारीक आवाजच माझ्या कानापर्यंत पोचत नसावा. भीती वाटली, आणि ती वाटली हे लपवण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी दुकानातून दोन गुंड घरी नेले, एक टेबलाखालचा आणि एक नवा. रुखमिणी स्वयंपाकघरात कणीक मळत होती, तिची पाठ माझ्याकडे होती. मी समोरच्या खोलीत जमिनीवर बसलो आणि नवा वाजवला. ती काही बोलली नाही. परत आलेला वाजवला.

"फुटका काहून वाजवून राहिले जी?" ती आतूनच म्हणाली. "मोडीत टाका ना."

मी पुन्हा वाजवले, आलटून पालटून, कधी तोच दोनदा. ती प्रत्येक वेळी आतून सांगत गेली, आधी कंटाळून, मग हसत, आणि मग तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला, कारण मी काय करतोय ते तिला समजलं होतं. सहा वर्षांचा मी बाबांच्या मांडीवर जसा सांगत होतो तसंच. धड, फुटका, धड, धड, फुटका. एकदाही चुकली नाही. शेवटी ती कणकेचे हात घेऊन दारात आली. मी म्हणालो, "सोमवारपासून आंदणाची भांडी तू वाजवशील." ती "बरं" म्हणाली आणि पुढे काही विचारलं नाही. तिचं हे मला नेहमी आवडतं. रात्री पडल्यापडल्या मी हिशोब करत राहिलो की एका वर्षात किती घरी मी मान हलवून फुटकी भांडी पाठवली असतील आणि किती बेबीबाईंनी आपलाच कान खोटा ठरवला असेल. उत्तर येत नव्हतं. एवढं मात्र नक्की होतं की बाबांनी हे पाहिलं नाही हे बरं झालं, आणि हे मला वाटलं याची लाजही वाटली.

रविवारी दोघं दुपारी दोनला आले. सुगतनं नेहमीप्रमाणे खांबाला सायकल टेकवली, विनोदनं शर्ट काढून बनियनवर ड्रमचे स्टँड लावायला घेतले. मी अँप पुढे ओढला, नॉब दोनवर नेला, रेघ जुळवली.

"विनोद, हा तुहा निशान होय ना?"

विनोदनं पाहिलं आणि हातातला पाना पुसायला लागला. तो पाना स्वच्छच होता. बोलला सुगत. "होय. साल झालं आता."

"साल?"

"गेल्या सालच्या पोळ्यापासून. तू ट्रेबल सहावर लावतेस, आमचे दात शिवशिवतात बे. तू चहा सांगाले दुकानात गेला का विनोद खाली करते, जाताना पुन्हा सहावर नेऊन ठेवते. गेल्या रविवारी पेडलाच्या नादात राहून गेलं."

मला आधी राग आला तो कानाचा नव्हे. वर्षभर रविवार रविवार, माझ्याच गोदामात, माझ्या पाठीमागे, दोन माणसं माझा नॉब खाली करत होती आणि मग समोर बसून म्हणत होती की कान तुझा आहे. मी म्हणालो, "मले काहून नाही सांगतलं?" आवाज चढला होता, वरच्या पराती थरथरल्याचं मला वाटलं, किंवा नसतीलही, आता कशाचा भरवसा द्यायचा.

"सांगतलं असतं तं आयकला असता का तू?" विनोद म्हणाला. तो फार बोलत नाही, म्हणून त्याचं बोलणं लागतं. "तू म्हनला असता, तुमचेच कान खराब आहेत. आन आमी मानलं असतं. तुहं सगळं गाव मानते."

बेबीबाईही हेच म्हणाल्या होत्या. मी खाली गोणीवर बसलो. सुगत माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "हिरवं पेडल मी म्हूनच आनलं. दुकानदाराले इचारलं, टोन पुरा उघडला तरी टोचनार नाही असं कोनतं? त्यानं हिरवं देल्लं. पिवळं नुसतं जोडीले आनलं. म्हटलं, धन्या हिरवं घेईन, जानेवारीत इज्जत वाचन."

"मी पिवळं निवडलं," मी म्हणालो. "टोन पुरा उघडून."

सुगतनं डोक्याला हात लावला. विनोद हसला, आणि मग मीही हसलो, कारण त्या हॉलमध्ये त्या सुईनं आठशे म्हाताऱ्या पोरांचे कान फुटले असते आणि मी स्टेजवर डोळे मिटून ऐटीत उभा असतो. हसणं लवकर संपलं. मला जानेवारीत वाजवायचं नसेल तर दोघं समजून घेतील हे त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं, आणि तेच मला सहन झालं नाही. माझे हात अजून माझे आहेत. सूर कुठं ओढायचा, किती ओढायचा, कुठं सोडायचा हे बोटांना माहीत आहे, त्यांना कान विचारून करावं लागत नाही. मी उठलो, गिटार गळ्यात घातली आणि म्हणालो, "मी वाजवतो. नॉब तुमी फिरवा. जिथं बरोबर वाटन तिथं थांबा. आन आता खोटं बोललात तं दोघायलेही हाकलतो."

विनोद ड्रममागून उठला आणि पेडलांसमोर उकिडवा बसला, एखाद्या इंजिनासमोर बसावा तसा. आधी हिरवं. मी गाण्यातला तो तुकडा वाजवत राहिलो, तो एकेक नॉब केसभर फिरवून वर सुगतकडे बघत राहिला. सुगत कधी मान हलवे, कधी तोंड वाकडं करे. मला फरक पडत होता तो फक्त त्यांच्या चेहऱ्यांवर. मग पिवळं. इथं वेळ लागला. विनोदनं टोन खाली आणला, आणखी खाली, मी निवडला होता त्याच्या पार दुसऱ्या टोकाकडे, आणि ड्राइव्ह थोडा वाढवला. सुगत एकदम सरळ बसला.

"थांब. हेच."

"हिरवं नाही?" मी विचारलं.

"हिरवं चांगलं आहे. हे मात्र तेच आहे," तो म्हणाला. "त्र्यान्नवचं." विनोदनंही मान हलवली.

म्हणजे निवड माझीच बरोबर निघाली, फक्त जागा चुकली. मला त्याचं बरं वाटलं, अगदी लहान मुलासारखं बरं वाटलं. मी विचारलं, "खर्र येते का त्याच्यात? वरचा सूर ओढला का फाटते का?"

"फाटते ना," विनोद म्हणाला. "अंगावर काटा येते."

माझ्या अंगावर आला नव्हता. मला ऐकू येत होतं ते जाड, गोल, कोपरे नसलेलं, कुणी दुसऱ्या खोलीत दार लावून वाजवावं तसं. टोनचा नॉब माझ्या उजव्या पायाजवळ होता, वाकून दोन बोटं फिरवली असती तर माझ्यापुरती थोडी धार परत आली असती. विनोद ड्रमवर जाऊन बसला, त्यानं काठ्या आपटून चार मोजले आणि गाणं सुरू झालं. सुगत बेसवर डोळे मिटून होता. गाणाऱ्याची जागा रिकामी सोडून आम्ही मधल्या भागाकडे आलो, मी पुढे सरकलो आणि तो सूर ओढला. समोर सुगतचं तोंड हळूहळू उघडलं, तसं अकरावीत टेपसमोर उघडलं होतं, आणि मला कळलं की तो आला आहे, या खोलीत आहे, माझ्या बोटांतून निघतो आहे आणि दोन माणसं तो ऐकतायत. मला तो बोथटच ऐकू आला. मी तसाच वाजवत राहिलो, शेवटपर्यंत, आणि माझा हात नॉबकडे गेला नाही.